चकव्याची दोन मिनिटं

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाच्या वाट्याला भयपट आला. अख्खा नाही, फक्त त्याची सुरुवात करायची होती. दोन मिनिटांची, नामावलीसकट. शेवट करायचा नाही म्हटल्यावर गटातले बाकीचे तिघं निर्धास्त झाले. मला तेच अवघड वाटत होतं. दहा मिनिटांच्या गोष्टीत माणसाला घाबरवायला उसंत मिळते. इथे दोन मिनिटांत गाव दाखवायचं, माणूस दाखवायचा, नावं दाखवायची आणि तिसऱ्या मिनिटाची ओढ लावून थांबायचं.

पहिल्या बैठकीत जे निघायचं ते निघालं. बंद बंगला, आपोआप हलणारा झोपाळा, केस मोकळे सोडलेली बाई. आमच्या कॅमेरावाल्याकडे तर बाहुलीही तयार होती, बहिणीची. मी म्हटलं, आपल्याकडे भुतांची काय वानवा आहे का? माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यातलं, त्यामुळे यादी तोंडपाठ: हडळ, मुंजा, खवीस, समंध, गिऱ्हा, देवचार, चकवा. मुंजावर नुकताच मोठा सिनेमा येऊन गेला होता. हडळीला मेकअप लागतो, आणि स्वस्तातला मेकअप दिसला की लोक हसतात. गिऱ्हा पाण्यातला, म्हणजे कॅमेरा पाण्याजवळ, म्हणजे कॉलेजकडचं डिपॉझिट गेलंच. राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, वाटेला जायचं नाही हे मात्र मी आधीच सांगून टाकलं. आमच्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. वाटेवर पडलेल्या त्या चपलांची फ्रेम माझ्या डोळ्यांसमोर आली होती, खोटं कशाला बोलू. पण ज्याच्या भरवशावर लोक निवांत झोपतात त्यालाच भूत करायचं हे मला पटेना, आणि मामाला तर मुळीच पटलं नसतं.

राहिला चकवा. त्याला तोंड नाही, कपडे नाहीत. तो फक्त वाट फिरवतो. गरीब विद्यार्थ्यांना याहून सोयीचं भूत मिळणार नाही.

गोष्ट एवढीच ठरली: जत्रेतला दशावताराचा खेळ अर्ध्यावर सोडून एक तरुण रात्री तीनच्या सुमारास घरी निघतो. पाणंदीतून येतो, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडतो, विजेच्या खांबाखालून जातो, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने वळतो. थोडा चालतो, तर पुढे पुन्हा तोच साकव.

शूटिंगच्या आधी मी आजोळी जाऊन त्या वाटेचे मोबाईलवर फोटो काढून आणले. ते एकामागे एक लावून, प्रत्येकाला सेकंद ठरवून देऊन एक कच्ची फिल्म जोडली. आमच्या सरांचा हा आग्रहच होता, आणि तो किती बरोबर होता ते लगेच कळलं. ती बघून मैत्रिणीने विचारलं, "हा पुढे गेला की मागे आला? झाडं तर सगळी सारखीच आहेत."

आमच्या कामाची सगळी मेख या प्रश्नात होती. वाट दुसऱ्यांदा दिसल्यावर पोटात गोळा यायला हवा असेल, तर ती पहिल्यांदा डोक्यात पक्की बसायला हवी. म्हणजे पहिली फेरी साधी, स्वच्छ, थोडी कंटाळवाणीच हवी. आता, आपल्याच फिल्मची पहिली चाळीस सेकंद कंटाळवाणी ठेवायला कोणता विद्यार्थी तयार होईल? गटात यावरून चांगलंच वाजलं. तोडगा नामावलीत सापडला. नावं अशीही कुठेतरी टाकायचीच होती. ती सगळी पहिल्या फेरीवर टाकायची. लोक नावं वाचत बसतात आणि वाट नकळत डोळ्यांत शिरते. नावं फ्रेमच्या डाव्या बाजूला, खुणा उजव्या बाजूला. दुसऱ्या फेरीत पडद्यावर एकही अक्षर नाही.

खुणा तीनच ठेवल्या: साकव, खांबावर रंगवलेला आकडा आणि गडग्यावर उपडी घातलेली तांब्याची कळशी. दुसऱ्या फेरीत कळशी सरळ झालेली असते. तिसऱ्यांदा ती काठोकाठ भरलेली असते. कळशी कुणी भरली हे सांगायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि तिथून एसटीने मामाकडे. गावातल्या शूटिंगबद्दल एक गोष्ट सांगते, जी वर्गात कुणी सांगत नाही. रात्री पाणंदीत बॅटऱ्या हलताना दिसल्या की लोक आधी चोर समजतात. त्यामुळे सरपंच आणि पोलीस पाटील दोघांच्याही घरी जाऊन चहा पिऊन आलो. ज्यांच्या कुंपणाला लागून कॅमेरा लावायचा होता त्यांनाही सांगितलं. मामाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, म्हणजे आम्हाला सांभाळून घ्यायची विनवणी केली. कॅमेरावाला आधी हसत होता, पण गाऱ्हाण्यात आपलं नाव आल्यावर त्याने निमूट हात जोडले.

रात्रीचं चित्रण खऱ्या काळोखात होत नाही. आमच्या कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० च्या वर नेला की काळ्या भागात दाणे नाचायला लागायचे. म्हणून वाटेचे सगळे मोठे शॉट तिन्हीसांजेला घेतले. त्या दिवसांत तिकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, आणि त्यानंतर जेमतेम अर्धा तास आकाशात असा उजेड असतो की आकार दिसतात पण सावल्या पडत नाहीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंगछटेचं सेटिंग, ३२०० केल्विनवर ठेवला की तो उजेड निळा होतो आणि चांदण्याचा भास होतो. मग नायकाच्या हातातली एलईडी बॅटरी आणखीच निळी दिसायला लागली, दवाखान्यातल्यासारखी. तिच्यावर आकाशकंदिलाचा उरलेला पिवळा जिलेटिन कागद दुहेरी करून बांधला. निळ्या वाटेवर तो पिवळा ठिपका इतका एकटा दिसला की त्या फ्रेमसाठी मी दोन संवाद कापून टाकले.

खांबावरच्या दिव्याने वेगळा त्रास दिला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/६० सेकंदावर असताना चित्रात आडवे पट्टे सरकायचे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० केल्यावर पट्टे गेले.

तिन्ही फेऱ्यांची फ्रेम तंतोतंत जुळायला हवी होती. त्यासाठी एका जागी तिवई ठोकायची, तिच्या पायांभोवती रांगोळीने गोल काढायचे आणि तिथली पहिली, दुसरी, तिसरी फेरी लागोपाठ उरकायची. अर्ध्या तासात एवढंच व्हायचं. पुढची जागा दुसऱ्या दिवशी. नायकाची यात फार परीक्षा झाली. मुलगा एकांकिका स्पर्धांमधला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला. साकव दिसला की डोळे मोठे करायचा. शेवटी त्याला म्हटलं, "घाबरू नकोस. तुला झोप आलीय आणि उजवी चप्पल चावतेय, एवढंच कर." पुढच्या टेकला तो साकवापाशी थांबला, वाकून चपलेचा अंगठा नीट केला, मान वर केली आणि नुसता बघत राहिला. तोच टेक फिल्ममध्ये आहे.

कळशीचा जवळचा शॉट मात्र एक पूर्ण रात्र खाऊन गेला. तांब्याची घासलेली कळशी म्हणजे गोल आरसा. तिच्या पोटात तिवई, कॅमेरावाला, मी, मागचं मामाचं घर, सगळं दिसत होतं. मामीने इतकी चिंच लावून घासली होती की तिला आता ही चमक घालवायची आहे हे सांगायची माझी हिंमत होईना. राखेत पाणी कालवून पातळ लेप दिला, तो वाळल्यावर तांबं मंद झालं. कॅमेरावाल्याने काळी घोंगडी पांघरली. मग पाणी काठोकाठ भरलं. वारा नाही, आणि तरी पाणी थरथरलं पाहिजे. फुंकर मारली तर लाट एका बाजूने येते आणि फसवणूक कळते. मामाने मुसळ आणलं आणि फ्रेमबाहेर गडग्याच्या चिऱ्यावर हलकेच ठोकलं. पाण्यावर काठापासून मध्याकडे जाणारी वर्तुळं उमटली. सेकंदाला ५० फ्रेमने घेऊन निम्म्या वेगाने दाखवल्यावर पाण्याखालून कुणी तरी श्वास घेतंय असं वाटतं.

इथपर्यंत सगळं चित्राबद्दल झालं, पण खरा चकवा आम्हाला आवाजात सापडला आणि त्याचं श्रेय मामाचं. नायक दशावतार सोडून निघतो, तर मागे दशावताराचा आवाज येत राहणार, तो हळूहळू कमी करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामा म्हणाला, "तसा नसता गो. लांब गेलस काय पयली झांज जाता, मगे पेटी. मृदंग मातर घरापर्यंत येता." शास्त्रही हेच सांगतं: उंच स्वर हवेत लवकर विरतात, खालचे दूरवर पोचतात. पण आम्ही ते पुस्तकात वाचून पुढे गेलो होतो, आणि मामा आयुष्यभर त्या वाटेने घरी येत होता.

मग बेत पक्का झाला. पहिल्या फेरीत चालता चालता झांज विरते, पेटी विरते, मृदंग उरतो. तेवढ्यात झांज परत स्पष्ट ऐकू येते, आणि पाठोपाठ पुन्हा साकव येतो. म्हणजे तो इंचभरही पुढे गेलेला नाही. डोळ्यांना कळायच्या आधी कानांना कळतं.

जत्रांचा मोसम सुरू झालाच होता. दशावतारी कंपनीच्या मालकांची रीतसर परवानगी घेऊन एका दहीकाल्याचा, म्हणजे जत्रेतल्या दशावताराचा, आवाज खरोखरच वाटेवर निरनिराळ्या अंतरांवर उभं राहून टिपला. माइकला वाऱ्यासाठी पायमोजा घातला होता. मोबाईलवर असं काही रेकॉर्ड करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: फोन स्वतःहून बारीक आवाज मोठा करतो, त्यामुळे लांबचं जवळचं वाटतं. आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारं अ‍ॅप वापरलं तरच अंतर टिकतं. नुसत्या रातकिड्यांचाही एक लांबलचक तुकडा घेतला. तो फार उपयोगी पडला. भरलेल्या कळशीच्या शॉटवर रातकिडे आम्ही हळूहळू कमी केले नाहीत, एका फ्रेमवर कापले. धाडकन मोठा आवाज करून प्रेक्षकाला खुर्चीतून उडवण्यापेक्षा हे मला केव्हाही जास्त आवडतं. तसं उडवणं म्हणजे गुदगुल्या करून हसवणं.

शेवटच्या काही सेकंदांना संगीत म्हणून त्याच पेटीचा एक धरलेला स्वर घेतला आणि वेग निम्मा केला. वेग निम्मा झाला की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि पेटी ओळखू येत नाही. गटातल्या एकाला याखाली १९ हर्ट्झचा आवाज घालायचा होता. विक टँडी या ब्रिटिश संशोधकाने १९९८ च्या लेखात प्रयोगशाळेत वाटणाऱ्या भुताटकीचा संबंध एका पंख्यामुळे तयार होणाऱ्या १९ हर्ट्झच्या कंपनाशी जोडला होता, तो त्याच्या वाचनात आला होता. गोष्ट रंजक आहे, पण वर्गातले स्पीकर असला आवाज काढूच शकत नाहीत. आमचा ४० हर्ट्झचा घुमारासुद्धा लॅपटॉपवर गडप झाला होता. त्यावर १२० ते २०० हर्ट्झच्या दरम्यानचा थोडा थर चढवला तेव्हा कुठे तो साध्या स्पीकरवर जाणवायला लागला.

एडिटिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक त्रास सोडला तर. सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं सुटायची, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. 'दिग्दर्शन' हा शब्दच धड उमटेना. शेवटी प्रत्येक नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणलं आणि फ्रेमवर ठेवलं. मराठी फिल्म करणाऱ्यांनी या कामासाठी एक संध्याकाळ वेगळी काढून ठेवावी.

वर्गात दाखवली तेव्हा दुसऱ्यांदा झांज वाजली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे!" म्हणालं, पडद्यावर तेव्हा साकव अजून यायचा होता. सरांना नायकाचा चेहरा आणखी एकदा जवळून हवा होता, मला नको होता. गुण बरे मिळाले.

फिल्म मामीलाही पाठवली. तिचा फोन आला. कळशी छान दिसते म्हणाली, आणि मग तिने मुद्द्यालाच हात घातला: "चकवो लागलो काय माणसान येका जाग्यार बसान रवाचा. ह्यो चलत कित्याक सुटलो?" बसलेल्या माणसावर दोन मिनिटांची सुरुवात उभी राहत नाही, हे मी तिला परोपरीने समजावून पाहिलं. तिला ते अजून पटलेलं नाही. गोष्ट पुढे नेली तर त्याला तिसऱ्या मिनिटाला खाली बसवायचं, असं तूर्त तिच्याशी ठरलं आहे.