चौथा मजला म्हणजे आपला तिसरा

टोकियोत आठ रात्री राहायचं ठरलं आणि हॉटेलांचे दर बघून मी लॅपटॉप मिटवून टाकला. लेकीने तो परत उघडला. "आई, हॉस्टेल बघ की." छप्पन्नाव्या वर्षी हॉस्टेल! माझ्या डोक्यात हॉस्टेल म्हणजे लोखंडी खाट, आंघोळीच्या बादलीवरून भांडणं आणि रेक्टरबाई. तिने आसाकुसा भागातलं एक शोधलं. फक्त बायकांची खोली, सहा बेड, रात्रीचे साडेतीन हजार येन, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. बुकिंग करताना मी घाबरत घाबरत लिहिलं की गुडघे दुखतात, खालचा बेड मिळाला तर बरं. रेल्वेत लोअर बर्थसाठी जन्मभर जी विनवणी केली, तीच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, खालचा ३ नंबरचा बेड तुमच्यासाठी ठेवला आहे. इतक्या सरळ उत्तराची सवय नसल्यामुळे मी ते दोनदा वाचलं.

व्हिसाचं फार सांगत बसत नाही. पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो, पण तो विमानतळावर फोनमध्ये ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो. मी हौसेने रंगीत प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून नेली होती. ती चालत नाही, स्क्रीनशॉटही चालत नाही. नारिता विमानतळाचं वायफाय लागेपर्यंत घशाला कोरड पडली. त्यात विमान दोन तास उशिरा आलेलं, आणि हॉस्टेलचं काउंटर रात्री दहाला बंद. नारिताहून आसाकुसाला मध्ये न बदलता जाणारी केइसेई लाइनची गाडी आहे, तासाभराचा रस्ता. त्या गाडीतूनच मी हॉस्टेलला ईमेल टाकला: साडेअकरा होतील, काय करू?

दहा मिनिटांत उत्तर. दाराचा चार आकडी कोड, स्टेशनपासूनचा हाताने काढलेला नकाशा (कोपऱ्यावरचं दुकान आणि पेयांचं मशीनसुद्धा काढलेलं), आणि काउंटरवर तुमच्या नावाचं पाकीट आहे, सावकाश या.

पाकीट होतं. माझ्या नावामागे 'सामा' लिहिलेलं. आपण पत्रावर 'ती.' लिहितो ना, तसा काहीसा मान. आत कार्ड आणि चिठ्ठी: पासपोर्ट उद्या सकाळी बघू, आता झोपा. चपला १२ नंबरच्या कप्प्यात. खोली चौथ्या मजल्यावर.

चपला ठेवल्या. जिना चढले. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. कार्ड लावलं, लाल दिवा. पुसून लावलं, लाल. उलटं लावलं, लाल. आतून कुणीतरी खोकलं, पुरुषाचा खोकला. मग ट्यूब पेटली. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा चौथा तो आपला तिसरा. बॅग छातीशी धरून मी एक मजला उतरले. हिरवा दिवा.

खोलीत मिट्ट काळोख आणि प्रत्येक बेडला पडदा. मला फक्त टूथब्रश हवा होता. पण मराठी बाईच्या बॅगेत ब्रश नुसता नसतो. तो पिशवीत असतो, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि त्यावर चिवड्याची पिशवी. त्या शांततेत प्लॅस्टिकची चुरचुर म्हणजे लग्नाचा बँड वाजावा तशी वाटली. वरच्या बेडवरून एक लांब उसासा आला. मी दात न घासताच झोपले.

सकाळी दिवा लावल्यावर भिंतीवरचं चित्र दिसलं: पिशवी आणि तिच्याशेजारी रडका चेहरा. रात्री दहानंतर सामान बाहेरच्या बाकावर उघडा. असं चित्र जागोजागी होतं. कपडे धुण्याच्या मशीनवर शंभर येनच्या नाण्यांचं, कचऱ्याच्या डब्यांवर बाटली वेगळी, बूच वेगळं, जळणारा कचरा वेगळा. फ्रिजवर लिहिलेलं, नाव आणि जायची तारीख नसलेली वस्तू टाकून दिली जाईल. पहिल्या दिवशी मला हे जरा रेक्टरबाईंचंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सोय कळली. कुणालाही काही विचारावं लागत नव्हतं, आणि परक्या गावात न विचारता निभावणं म्हणजे काय, हे भाषा येत नसली की समजतं. प्लॅस्टिकच्या सगळ्या पिशव्या मी रिकाम्या केल्या आणि सामान बाजाराच्या दोन कापडी पिशव्यांत भरलं. वरच्या बेडवरची मुलगी कोरियाची निघाली. मी 'सॉरी' म्हटलं, तिने हाताने चुरचुर करून दाखवली आणि हसली.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टची प्रत घेतली (परदेशी पाहुण्यांची घ्यावीच लागते) आणि म्हणाली, सेन्सोजीच्या देवळात सकाळी सहाला जा, दहानंतर गर्दीत माणूस हरवतं. ऐकलं ते बरं झालं. दारातला तो लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि ७०० किलो वजनाचा, त्याच्याखाली त्या वेळी मी आणि एक झाडूवाले काका, एवढेच. देऊळ १९४५च्या हवाई हल्ल्यात जळालं, आताचं मुख्य सभागृह १९५८चं. शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहाचा पत्ताही तिने दिला होता, ५५० येन. तिथे अंगावर काही न घालता सगळ्यांबरोबर पाण्यात उतरायचं. आठ दिवसांत माझा धीर झाला नाही, उगाच बढाई मारत नाही.

खाण्याचे मात्र हाल होते. शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्येही माशांचा अर्क असतो. तिसऱ्या दिवशी मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात शिरले. कच्च्या डाळी नेल्या नव्हत्या, त्याला वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो. मेतकूट तेवढं होतं. दुकानातून छोट्या पिशवीतला तांदूळ आणला, कुकरला लावला, आणि झाकण उघडलं तर काय, इंद्रायणीसारखा मऊ, चिकट भात! वर मेतकूट. तूप नव्हतं म्हणून लोण्याचा तुकडा. कोरियाची मुलगी वासाने आली. तिला एक घास दिला. दुसरा तिने स्वतःच घेतला.

तिच्यामुळेच काउंटरवरच्या मुलीला कळलं की मी गणपतीची भक्त आहे. मग तिने नकाशावर पेनने गोल केला. मात्सुचियामा शोदेन, सेन्सोजीपासून दहा मिनिटं, नदीच्या बाजूला. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेला आपला विनायक. मूर्ती दाखवत नाहीत. नैवेद्य? मोदक नाही, मुळा! पांढरा, मांडीएवढा जाड. देवळात विकत मिळतो, तो वाहायचा. पायऱ्यांवर, खांबांवर, जिथे तिथे मुळा कोरलेला. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं. पण समोर मुळ्यांची रास बघून 'एकदंताय विद्महे'ला हसू आलं, ते दाबलं.

निघताना एका पेटीत वाहून झालेले मुळे ठेवलेले दिसले, न्या म्हणून. प्रसादच. एक उचलला, काखेत धरून रस्त्याने आले. टोकियोत कुणी वळून बघत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात किसणी मागितली. मुळा किसला, पिळून घेतला, दही, मीठ, साखर आणि घरून नेलेला दाण्याचा कूट. कोशिंबीर. तिखट मिरची नव्हती, तेवढं चुकलंच. सहा जणींनी एका टेबलाशी बसून ती खाल्ली. ब्राझीलच्या एकीने विचारलं, हा तुमचा सणाचा पदार्थ का? मी म्हटलं, नाही गं, हा उरलेल्या मुळ्याचा पदार्थ. पाला धुऊन ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून संपवला.

शेवटच्या सकाळी फ्रिजशेजारच्या फुकट वस्तूंच्या फळीवर मेतकुटाची अर्धी बरणी ठेवली. झाकणावर माझं नाव आणि जायची तारीख लिहिलेली पट्टी होती. ती खोडली आणि शेजारी वाटीभर भाताचं चित्र काढलं, त्यावर तीन ठिपके, वर लोण्याचा चौकोन. काउंटरवरच्या मुलीने चित्र निरखून बघितलं, आत जाऊन पेन आणलं आणि भातातून दोन वाफेच्या रेघा काढल्या.