म्हशीसाठी तेर्स

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला आम्ही चालत जातो ते सायबाच्या फेस्ताला. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, फेस्त म्हणजे त्याचा सण, ३ डिसेंबरला. शेजारीपाजारी याला 'तुमची वारी' म्हणतात. टाळ-मृदंग नाहीत, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत चालायचं. पायाचे फोड मात्र तेच.

आमच्या गटाचा एक रिवाज आहे. निघताना ज्याने त्याने आपली मागणी चिठ्ठीवर लिहायची, सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत घालून हलवायच्या आणि हाताला लागेल ती घेऊन चालायचं. वाटभर प्रार्थना त्या मागणीसाठी. मी लिहिली होती मुलाची, आमच्या बोलीत झिलाची, नोकरी. हाती आला वहीचा फाटका कोपरा, त्यावर निळ्या बॉलपेनने: 'म्हैस गाभण रवांदे.'

बांदा येईपर्यंत मनातल्या मनात माझी कुरकुर चालू होती. तेर्स म्हशीसाठी सुरू करायचा आणि पाच-सहा मण्यांत मुलावर यायचं. पत्रादेवीचा नाका, पेडणे, सगळं तसंच गेलं.

वाटेत सायबाचं आयुष्य आठवत राहतं. पॅरिसात शिकवणारा, उमराव घराण्यातला तरुण. जग मिळवून आत्मा गमावला तर काय लाभ, हा शुभवर्तमानातला प्रश्न जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला त्याला पुन्हा पुन्हा विचारी, असं सांगतात. आजारापेक्षा आरोग्यच हवं, गरिबीपेक्षा श्रीमंतीच हवी असा हट्ट धरू नये, हेही इग्नेशियसच्याच साधनेत आहे. वाचायला सोपं! सायबाला चीनमध्ये शिरायचं होतं. तिथल्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, कँटनला नेणाऱ्या माणसाची वाट बघत १५५२ साली तो तापाने गेला. स्वतःसाठी नव्हे, देवासाठी मागितलेलं, तेही मिळालं नाही. हे मला दरवेळी अवघड जातं.

कोलवाळच्या पुलाच्या आसपास ती म्हैस खरी वाटायला लागली. आटलेली असणार. म्हणजे डेअरीचा पैसा बंद, म्हणजे दुकानात उधारी. घर कुणाचं ते ठाऊक नाही, पण हिशेब मी त्यांचा मांडत होते. म्हापशात चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं, बराच वेळ मुलगा डोक्यात आलाच नव्हता. पुण्य केल्यासारखं काही वाटलं नाही. हलकं वाटलं, आणि पोराला विसरले म्हणून थोडा रागही आला.

पुढे पणजी, रायबंदरचा बांध आणि मग जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची रांग. सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर. खालून फारसं दिसत नाही आणि मागचे ढकलत असतात. तेवढ्यात मी म्हशीचं सांगून घेतलं.

परतीच्या बसमध्ये एक मावशी शेजारणीला सांगत होती, "माझ्या वाट्याक कोणाच्या तरी झिलाची नोकरी इल्ली. पाय सुजले, पण एक तेर्स चुकवलंय नाय."

चिठ्ठी कुणाची ते बोलायचं नाही, असा नियम आहे. मी फेस्ताच्या खाज्याची पुडी सोडली आणि तिच्यापुढे धरली.