मनीऑर्डर पोस्टात पडली होती

गेट उघडलं नाही की माणूस सगळ्यात आधी मागे वळून बघतो. रांग किती आहे, आपल्याकडे कोण बघतंय. मग कार्ड पुन्हा टेकवतो, या वेळी जरा जोरात. मेट्रो स्टेशनवर काचेमागे बसून मी हे रोज बघते.

२०२३ च्या सुरुवातीचे दिवस फार धावपळीचे होते. १९ जानेवारीला मेट्रो २अ आणि ७ च्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन झालं, गेटला टेकवून भाडं द्यायचं 'मुंबई १' कार्डही तेव्हाच आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा असलं कार्ड हातात धरलेली माणसं रोज गेटवर येऊ लागली. तिकिटाचे नवनवे प्रकार मुंबईकराला नवे नाहीत. लोकलची कुपनं आपण मशीनमध्ये घालून छापून घेतली, २०१४ पासून घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत प्लॅस्टिकची टोकनं वापरली. पण लोकलच्या स्टेशनला गेट नसतं. पुलाच्या तोंडाशी टीसी उभा असतो, आणि टीसी माणूस असतो. त्याला सांगता येतं, समजावता येतं, वेळ पडली तर त्याच्याशी भांडता येतं. गेटशी यातलं काहीच करता येत नाही. म्हणून गेटशेजारी बोलणारं माणूस हवंच, हे माझं पहिल्या आठवड्यापासूनचं ठाम मत आहे.

बहुतेक अडचणी हाताच्या सवयीच्या असतात. कुणी कार्ड ओवाळल्यासारखं वरून फिरवतं. कुणी पाकिटासकट टेकवतं, आत बँकेचं दुसरं कार्ड असतं आणि यंत्राचा गोंधळ उडतो. दोघी मैत्रिणी एकमेकींना चिकटून आत शिरतात. मग एकीच्या कार्डावर आत आल्याची नोंदच होत नाही आणि उतरल्यावर गेट तिला बाहेर सोडत नाही. 'टेकवा, बीप ऐका, मग उचला' हे मी झोपेतही बोलत असेन.

त्या दिवशी सकाळी साडेआठच्या गर्दीत बाहेर पडायचं कडेचं गेट सारखं लाल होत होतं. समोर साठी उलटलेल्या एक मावशी. हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात नवंकोरं कार्ड, त्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा काढलेला नव्हता. पडद्यावर शिल्लक अपुरी असल्याचं दाखवत होतं. मागचा एक मुलगा भला होता, म्हणाला, "माझ्या मागोमाग निघा मावशी, जातं." मावशींनी मान हलवली. "फुकट मी जाऊचंय नाय." आणि त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

मी त्यांना काचेपाशी बोलावलं. कार्ड तपासलं तर चिपवर १८ रुपये होते, भाडं ३० चं. आत येताना गेटनं सोडलं, कारण कमीत कमी भाडं १० रुपये, तेवढे होते. मी तसं सांगितलं, तर त्यांनी ब्लाउजमधून फोन काढून माझ्यापुढे धरला. पाचशे रुपये भरल्याचा मेसेज होता, आदल्या रात्रीचा. "झिलान घातल्यान पैशे. पुण्यात असता तो." मग फोनकडे आणि कार्डाकडे एकदा बघून हळूच विचारलं, "झील खोटा बोललो गो?"

त्यांचा आवाज अजून कानात आहे. भाड्याचं, कामाला होणाऱ्या उशिराचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. चारचौघांत मुलगा खोटा ठरत होता.

खरं तर खोटं कुणीच बोलत नव्हतं. या कार्डांत पैसे दोन ठिकाणी असतात. मोबाइलवरून भरलेली रक्कम आधी बँकेकडे जमा होते. गेट मात्र बँकेला विचारत बसत नाही. माणूस क्षणभरात पुढे सरकायला हवा, नाहीतर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून ते फक्त कार्डाच्या चिपवर लिहिलेली रक्कम वाचतं. चिपवर २००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात, ते याचसाठी, कारण तिथून पैसे कापायला पिन लागत नाही. बँकेकडे पडलेले पैसे चिपवर यायचे तर कार्ड एकदा यंत्राला लावून ते उतरवून घ्यावे लागतात. प्रशिक्षणात हे मला दोन वाक्यांत शिकवलं होतं. त्या वाक्यांतला एकही शब्द मावशींच्या कामाचा नव्हता.

माझी आजी कुडाळची. मी तिच्या बोलीत म्हटलं, "मावशी, झील खोटा बोलूक नाय. मनीऑर्डर इली हा, पण पोस्टात पडली हा. पोस्टमनान अजून घराक हाडूक नाय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी उतरला. "अस्सा काय!" म्हणाल्या आणि कार्ड पुढे केलं. मी ते यंत्रावर ठेवलं. पाच-सहा सेकंद लागतात, तेवढा वेळ कार्ड हलवायचं नसतं. तेवढ्यात त्या सांगत होत्या. घोव गिरणीत होता. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, पोस्टमन व्हाळाच्या पलीकडे दिसला की त्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. ८२ चा संप झाला आणि पोस्टमन दारावरून तसाच पुढे जायला लागला. पैसे पाठवतो म्हणून पत्र यायचं, पैसे यायचे नाहीत. वर्षभरानं पोराला कडेवर घेऊन त्या मुंबईत आल्या, चार घरी जेवण करू लागल्या. अजून दोन घरं चालू आहेत.

बीप झाला. पडद्यावर ५१८.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. आकडा त्यांनी बोट लावून वाचला, पाच, एक, आठ. पावती हातात दिली तर ती उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं, "सही खंय करू?"

सही लागत नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं नसावं. पावती चार घड्या घालून बटव्यात ठेवली. मी काउंटर सहकाऱ्यावर सोपवून त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले. कार्ड टेकवलं, ३० रुपये कापले गेले, दोन्ही पाती बाजूला सरली. पलीकडे जाऊन त्या थांबल्या, भिंतीला टेकल्या, आणि मुलाला फोन लावला. पाच मिनिटांपूर्वी काय काय झालं, यातलं काहीच त्यांनी त्याला सांगितलं नाही.

"पावले रे पैशे," एवढंच म्हणाल्या, आणि पिशवी सावरत जिना उतरू लागल्या.