धावेवर उभं राहून

रविवार, रात्री

आज लिंबची बारा मोटांची विहीर आणि परतताना वाई. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीचं पाणी वर काढायची मोठी कातडी पिशवी. फोटो अजून लॅपटॉपवर उतरतायत, तोवर लिहून ठेवते. नाहीतर कुठला दगड कुठल्या बाजूचा, हे आठवड्याभरात विसरायला होतं.

साताऱ्याच्या अलीकडे हायवे सोडला की लिंबचा रस्ता उसातून जातो. विहीर लांबून दिसत नाहीच. शेतांच्या मधे जमिनीलगत थोडं दगडी बांधकाम दिसतं, जवळ गेलं की पायऱ्या सुरू होतात आणि उतरता उतरता आपण थेट कमानीखाली पोचतो. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी लहान विहीर, आणि दोन्हींच्या मधे चक्क महाल. खांबांवर हत्ती, घोडे, फुलं कोरलेली. भिंतीत शरभ, म्हणजे सिंहासारखा दिसणारा काल्पनिक प्राणी. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ अशी नोंद आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवून घेतली. शाहू छत्रपतींच्या काळात, आमराईला पाणी देण्यासाठी. खोली शंभर फुटांच्या वर सांगतात.

सकाळी लवकर पोचले, पण तेव्हा काठावर लख्ख ऊन आणि तळाशी काळोख. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. पाणी धरलं तर वरचा काठ पांढरा फटक पडतो, काठ धरला तर पाणी नाहीसं होतं. म्हणून महालात बसून राहिले. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली सरकत होतं, आणि जसं सरकेल तसा एकेक चिरा उठून दिसत होता. चुन्याच्या दरजा नाहीतच म्हटलं तरी चालेल, इतके दगड एकमेकांना भिडलेले. अशा ठिकाणी घाई करणाऱ्याला काही मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

महालाचे फोटो सगळेच काढतात. मी आज सगळ्यात जास्त वेळ घालवला तो वरच्या धावेवर. धाव म्हणजे मोटेचे बैल ज्या उतारावरून चालायचे ती वाट. बैल विहिरीकडे पाठ करून उताराने पुढं जायचे, नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, चाकावरून ओढला जायचा, भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी व्हायची. तिथून पाणी पाटाला लागायचं. मग तेच बैल उलट्या पावली चढण चढून परत काठाशी. एका मोटेला एक जोडी धरली तरी बारा मोटांना चोवीस बैल! तेवढ्या बैलांचे खूर, चाकांची कुरकुर, मोटकऱ्यांची गाणी, हे सगळं ज्या जागी घडत होतं तिथं आज गवत आहे आणि सगळे तिथून नुसते ओलांडून पुढं जातात.

तिथंच शेजारच्या शेतातले एक काका आले. मी वाकून दगड बघतेय म्हटल्यावर थांबले.

“ताई, बैल हितनं मागं मागं यायचं बघा. वळवायचं न्हाई त्याला.”

“तुम्ही मोट चालवलीय का काका?”

“मी न्हाई, वडलांनी. आमच्या हिरीवर. मी नाड्यावर बसायचो.”

मोट ओढताना नाड्यावर बसलं की ओढीला वजन मिळतं, आणि लहान पोरांना ते काम म्हणजे मजा. त्यांनी हाताने नाड्याची रेघ हवेत ओढून दाखवली, चाकापासून जोखडापर्यंत. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाले, “माझा कशाला? हिरीचा काढा.” मग थोडं थांबून, “थांबा, टोपी नीट करू द्या.” टोपी सरळ करून धावेच्या टोकाशी ताठ उभे राहिले. आजचा सगळ्यात चांगला फोटो तोच. काका उभे आहेत म्हणून धाव किती रुंद ते कळतं, काठ किती उंच ते कळतं, आणि हे बांधकाम कुणाच्या कष्टांवर चालायचं तेही. मोकळी वास्तू टिपण्यासाठी माणसं फ्रेमबाहेर जायची वाट बघणारे असतात. मी माणूस यायची वाट बघते.

वाईकडे निघाले तेव्हा उसाचा सीझन जोरात. टायरगाड्या कडेकडेने, बैलांच्या शिंगांना रंगीत गोंडे. एका वळणावर ऊसतोडीच्या बायका वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या मांडून विकायला बसल्या होत्या, मागे त्यांची कोपी, म्हणजे झोपडी, कोपीवर वाळत घातलेलं लुगडं. विचारून दोनच फोटो काढले. एकीने बाळाला पुढं केलं, त्याचा काढा म्हणाली. नंबर घेतलाय, तिला उद्या पाठवायचे आहेत. हे राहता कामा नये.

वाईत ढोल्या गणपतीला समोरून गर्दी होती. देऊळ १७६२ सालचं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं. मी दर्शन घेऊन सरळ मागे घाटावर उतरले, कारण या देवळाची खरी करामत पाठीमागे आहे. मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेलेली. कृष्णेला पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. बांधणाऱ्याने नदीशी भांडण न करता तिला वाट काढून दिली! पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या, गोधड्या उन्हात पसरलेल्या. धार, गोधड्या आणि पाणी एकाच चौकटीत यावं म्हणून अगदी खालच्या पायरीवर बसून काढला.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली मोठी घंटा, दोन्ही आज राहिलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा कुठकुठल्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. तिच्यासाठी वेगळा दिवस काढायला हवा, आणि जमलं तर तसंच पुढं कऱ्हाडला, नकट्या रावळाच्या विहिरीपर्यंत. तिथं दुपारी ऊन कुठवर पोचतं ते आधी कुणालातरी विचारून ठेवते.