काळूला पट्टा बांधून आठ दिवस

मंगळवार, रात्री साडेदहा

मागल्या सोमवारी रिक्षाचं चाक काळूच्या पुढच्या पंजावरून गेलं. जनावरांच्या दवाखान्यात पाच टाके पडले आणि डॉक्टर म्हणाले, दहा दिवस मोकळा सोडू नका. तो माझा कधी नव्हताच, गल्लीचा आहे. पण त्याला मांडीवर घेऊन मीच गेले होते, म्हणून कागदावर मालकाच्या जागी माझं नाव लिहिलं गेलं. मी नको म्हणाले नाही.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याला अशोक चौकापर्यंत नेऊन आणते. सहा वर्षं हाच कुत्रा याच रस्त्यावर हिंडतोय, तेव्हा कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता माझ्या हातात दोरी दिसली आणि प्रत्येकाला त्याच्याबद्दल काहीतरी बोलायचंय. आमचा हा सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे एकाच भिंतीला टेकून चार भाषा. कुणी त्याला कुक्का म्हणतं, कुणी नायी, कुणी कुत्ता. चारी भाषांना तो कान हलवतो.

पहिल्याच दिवशी समोरच्या तेलुगू अक्का दारात विड्या वळत बसल्या होत्या. आम्हाला बघितल्याबरोबर त्यांनी मांडीवरचं सूप उचलून छातीशी धरलं. "काकू, लांबून न्या हो त्याला." मला लागलं ते. पाच टाके पडलेल्या जिवाला लांबून न्या? दिवसभर मनात राहिलं. संध्याकाळी त्याच अक्का वाटीत चारू-भात घेऊन आल्या आणि काळूसमोर ठेवला. मी विचारलंच. म्हणाल्या, तंबाखूत एक केस निघाला तरी कारखान्यात विड्या बाजूला काढतात. मजुरी हजारावर मिळते. "ते सूप म्हणजे माझा दिवस आहे काकू." मी जिला किळस समजत होते ती किळस नव्हतीच. त्यांच्या घरात जेवणं, झोपणं आणि कमावणं एकाच फरशीवर चालतं. त्या फरशीवर कुत्र्याला जागा कुठून येणार?

चाचींचं वेगळं. त्यांचा मोठा मुलगा शुक्रवारी नमाजला निघाला होता, पांढरे कपडे घालून. गल्ली अरुंद. काळू त्याचा जुना मित्र, शेपूट हलवत पुढे गेला. मुलगा भिंतीला चिकटला. चाची दारातून म्हणाल्या, "भाभी, उसकू जरा उधर पकडो ना, नमाज कू जारा वो." मी दोरी आखडली. मागून येणारी आमच्यातलीच एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "यांच्यात कुत्रं चालतच नाही." असं एका वाक्यात माणसांना गुंडाळून ठेवलेलं मला सहन होत नाही. चाचींच्या पायरीवर मार्चपासून पाऊस पडेपर्यंत पाण्याचं भांडं असतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या सोलापुरी उन्हात काळू जगला तो त्या भांड्यावर. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की तो धुतल्याशिवाय त्यात नमाज होत नाही, एवढीच त्यांची अडचण. चाचींनीच मला हदीसमधली गोष्ट सांगितली होती. तहानेनं माती चाटणारं कुत्रं बघून एक माणूस विहिरीत उतरला, पायातल्या मोज्यात पाणी भरून त्यानं त्याला पाजलं, आणि तेवढ्यावर अल्लानं त्याला माफ केलं. कुराणात गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे, त्यांच्याबरोबर त्यांचं कुत्रंही आहे. गुहेच्या तोंडाशी, पुढचे पाय पसरून. चाची हे सांगताना आपले दोन्ही हात पुढे पसरून दाखवतात.

आणि आमच्या सासूबाई? त्यांचं वाळत घातलेलं सोवळं कुत्र्यानं नुसतं हुंगलं तरी पुन्हा पिळून, पुन्हा दांडीवर, आणि तोवर स्वयंपाक थांबलेला. पितृपक्षात कावळ्याचा, गायीचा आणि कुत्र्याचा घास मात्र त्या स्वतःच्या हातानं काढत. माजघरात कुत्रं आलं तर हाड, अंगणात आलं तर भाकरी. चाचींचं घर आणि आमचं घर यात मला फार फरक दिसत नाही. दोन्ही घरांनी कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दोन्ही घरांनी त्याला उपाशी ठेवलं नाही.

माझं माहेर सांगोल्याकडचं, तिथली रीत आणखी निराळी. आमचं दैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रं आलंच. वाघ्या म्हणजे देवाचा कुत्रा, असं जुनी माणसं सांगायची. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वडील एक रोडगा कुत्र्याला घालत आणि मगच ताटावर बसत. लग्न होऊन इथं आले, बाळ्याच्या खंडोबाला गेले, पण घरात ते चालत नव्हतं, म्हणून मी गुपचूप मागच्या दारानं घालायची. धनगरांचा वाडा आमच्या रानात बसायला यायचा तेव्हा त्यांची कुत्री बघून आम्हा पोरांचे पाय लटपटायचे. त्या भागात लांडगा आहे. रात्री मेंढरं राखायची तर तिखटच कुत्रं लागतं. त्यांना कुणी गोंजारत नसे, आम्हाला तर हात लावू देत नसत. पण पिल्लू आजारी पडलं तर म्हातारा त्याला घोंगडीत घेऊन झोपायचा.

लेक जर्मनीत आहे, त्याला फोनवर काळूचा पट्टा दाखवला. म्हणाला, आई, इथं कुत्रं पाळायचं तर नगरपालिकेला कर भरतात, मोठं असेल तर रेल्वेत त्याचं तिकीट काढतात, आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. रस्त्यावर मोकाट एकही नाही. मी विचारलं, मग उरलेला भात कुणाला घालतात? त्याला उत्तर सुचलं नाही.

आता आजचं लिहिते, त्यासाठीच वही घेतली.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे यंत्रमागवाले भाऊ समोरून आले. त्यांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मला ठाऊक आहे खिशात काय असतं. दगड. या दगडांवरून मी त्यांच्याशी दोन वर्षं धड बोलले नाही. आज त्यांनीच विचारलं, "कसाय पाय त्याचा?" मग उभ्या उभ्या सांगितलं. रातपाळी सुटते मध्यरात्रीनंतर. सायकलवर एकटे, अंधार, आणि अक्कलकोट रोडकडनं येताना पाच-सहा कुत्री मागं लागतात. एकदा पोटरी फोडली. घरच्यांनी जखमेवर तिखट दाबलं. सकाळी दवाखान्यात नर्स ओरडली, मग इंजेक्शनं, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. चार दिवसांचा खाडा झाला. "काकू, तुम्ही दिवसा बघताव त्याला. मी रात्री बघतो."

मी गप्प झाले. कुत्र्यावर दया कुणाला आणि राग कुणाला, हे मी जातीवर, भाषेवर, धर्मावर मोजत आले. कोण किती वाजता घरी येतो हे कधी मोजलंच नाही.

तिखटाचं मात्र मी त्यांना दोनदा बजावलं आणि इथंही लिहून ठेवते. तिखट, हळद, चुना, काहीही लावायचं नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्यायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लहान पोरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, त्यांना जवळ घेऊन विचारायला हवं.

भाऊ म्हणाले, उचलून का नेत नाहीत सगळी? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं होतं, तेव्हा चहाच्या टपरीवर ते सगळ्यात खूश होते. अकरा दिवसांत तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून जिथली तिथं सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असं झालं. मी त्यांना काळूचा कापलेला कान दाखवला. भांडणात तुटला असं त्यांना वाटत होतं. ती नसबंदीची खूण आहे म्हटल्यावर त्यांनी वाकून नीट बघितलं. खिशातला हात बाहेर आला होता, रिकामा.

मग म्हणाले, "अंधारात ह्यो कुठला आणि दुसरा कुठला, कळत नाही बघा. गळ्यात वाजणारं काहीतरी बांधा. काळू आहे कळलं तर मी दगड काढणार नाही."

परवा टाके निघतील. पट्टा काढून टाकायचा असं ठरवलं होतं, आता नाही काढणार. माहेरच्या बैलाच्या चाळातली दोन घुंगरं माझ्या ट्रंकेत असायला हवीत. आत्ता शोधली, एकच सापडलं. उद्या मधल्या मारुतीकडच्या बाजारात जाऊन दुसरं आणते.