वाडीतली तीन माणसे

गेल्या आठ महिन्यांत माण तालुक्यातल्या आमच्या वाडीतली तीन वयोवृद्ध माणसे गेली.

त्यांतले सुतारनाना बलुतेदारीच्या काळातले शेवटचे कारागीर. खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळणारे बलुते त्यांनी घेतले होते आणि पुढे ट्रॅक्टर आल्यावर रिकामे बसणेही सोसले होते. बाभळीच्या लाकडाची पेरणीची तिफण तयार झाली, की चाड्याची, म्हणजे बी सोडायच्या वाटीची, तिन्ही भोके ते करंगळीने पुन्हा पुन्हा चाचपत, कारण भोके सारखी नसतील तर एका ओळीत पीक दाट आणि दुसरीत विरळ उगवते. त्या चाचपण्याला लागणारा वेळ मोजून कोणी पैसे दिल्याचे मला आठवत नाही.

आमच्या थोरल्या चुलतीने 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. उडालेल्या कपरीने तिच्या डाव्या अंगठ्याचे नख कायमचे दुभंगले होते. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला तो अशाच कामांच्या अनुभवातून, पण तिला त्या दिवसांतली आठवण होती ती दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडी नावाच्या कोरड्या खाण्याची आणि मिलो या परदेशी तांबड्या ज्वारीच्या भाकरीची, जी थापताना हमखास चिरत असे.

तिसरे गुराखीबाबा. ते फारसे बोलत नसत, त्यामुळे त्यांच्याविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि याची मला खंत वाटते.

नानांचा लाकूड तासायचा वाकस त्यांच्या नातवाने अजून आढ्याला खोचून ठेवला आहे.