माहितीपत्रकातली अठ्ठावीस राज्यं मेसमध्ये दिसली नाहीत

लेक बारावीला आहे, कला शाखेत. इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन पुढे शिकायचं म्हणते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मिरजेतच. तिची अट अशी होती: "बाबा, जिथे सगळी एकाच तऱ्हेच्या घरांतली पोरं आहेत तिथे मला घालू नका. आणि मी एकटीच गावाकडची म्हणून ओळखली जाईन, तिथेही नको." मला ती पूर्ण पटली. म्हणून गणपती उठल्यावर आम्ही दोघं कॉलेजं पाहायला बाहेर पडलो. तुम्हीही वर्ग चालू असतानाच जा. मे महिन्यात कॅम्पसवर फक्त इमारती बघायला मिळतात.

दिवसभर उन्हात चालायची तयारी, पाठीवर एकच पिशवी, दोघांची आधार कार्डं आणि गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, एवढं तुमच्याकडे असेल असं धरून लिहितो. मूळ कागद घरी ठेवून जा. का, ते पुढे येईल.

पुण्याचा दिवस मजेत गेला. फर्ग्युसन, एसपी, चहा, मामाकडे मुक्काम. घराजवळ राहायचं असेल तर पुणे उत्तम आहे, जास्त लिहीत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते खासगी विद्यापीठ. एका मोठ्या शहराबाहेर आहे, नाव घेत नाही. चकचकीत माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'अठ्ठावीस राज्यांतले विद्यार्थी'. आत फेटेवाले, मेखला नेसलेल्या, मुंडू घातलेले असे हसरे चेहरे. भेटीची वेळ मिळवायलाच बाराशे रुपये भरावे लागले. शेवटच्या मेट्रो स्टेशनपासून पुढे बस नाही. टॅक्सीवाल्याने जाऊन-येऊन अठराशे सांगितले, आणि परतीच्या वेळी 'थांबल्याचे' म्हणून आणखी सहाशे घेतले. तिथून दुसरं वाहनच मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आत एक समुपदेशक आमच्याबरोबर. काचेची इमारत दाखवली, सभागृह, जिम, पोहण्याचा तलाव. लेकीने विचारलं, "मेस बघता येईल का?" तर म्हणे नंतर. "मुलांशी बोलता येईल का?" त्यांची परीक्षा आहे म्हणे. समोर पन्नास पोरं गवतावर बसलेली होती! शेवटी पाणी प्यायला जातो सांगून आम्ही दोघं मेसमध्ये शिरलो. जेवणाची वेळ होती. बहुतेक टेबलांवर त्याच शहरातली, एकमेकांना शाळेपासून ओळखणारी मुलं. कोपऱ्यातल्या चार टेबलांवर बाहेरची, तीही आपापल्या राज्याच्या घोळक्यात. लेक एका मणिपुरी मुलीशेजारी जाऊन बसली. ती म्हणाली, त्या फोटोच्या दिवशी आम्हाला पारंपरिक कपडे घालून बोलावलं होतं, एरवी आमच्याशी कोणी फार बोलत नाही.

परत कार्यालयात आलो तर तिथे मोठा आग्रह. आजच पंचवीस हजार भरून जागा धरा, शिष्यवृत्ती आजपुरतीच आहे, दहावीची मूळ गुणपत्रिका जमा करा. आमच्या शेजारी नांदेडकडचं एक कुटुंब होतं. त्यांनी आमच्यासमोर पैसे भरले, गुणपत्रिकाही दिली. त्या आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून हे नीट वाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे कोणतंही विद्यापीठ मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ शकत नाही. तपासून लगेच परत द्यायची, स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती ठेवायच्या. माहितीपत्रक विकत घ्यायची सक्ती करता येत नाही. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून फीच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त 5,000 रुपये कापता येतात. त्यानंतर परतावा टप्प्याटप्प्याने घटतो, शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काही नाही. ही अधिसूचना छापून खिशात ठेवा. 'आजच भरा' म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

रात्री लॉजवर लेकीने त्याच विद्यापीठाचा एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीचा, तक्ता शोधून काढला. या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात एक तक्ता विद्यार्थिसंख्येचा असतो: मुलगे किती, मुली किती, राज्यातले किती, राज्याबाहेरचे किती, परदेशी किती, आर्थिकदृष्ट्या मागास किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती. पुढचे रकाने तर सोन्याचे आहेत: किती जणांची पूर्ण फी सरकारने भरली, किती जणांची संस्थेने स्वतःच्या पैशातून भरली, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते किती. आमच्या त्या विद्यापीठात संस्थेने फी भरलेल्यांच्या रकान्यात शून्य होतं. राज्याबाहेरचे दहात एकही पडत नव्हते. हा तक्ता आधी उघडा, मग तिकीट काढा.

तक्त्याने सगळं कळत नाही, पण फसवणूक लगेच कळते. आरक्षणाचंही लक्षात घ्या. केंद्रीय विद्यापीठांत एससी 15, एसटी 7.5, ओबीसी 27 आणि आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के जागा असतात, त्यामुळे वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं येतातच. अल्पसंख्याक संस्थांना एससी, एसटी, ओबीसी आरक्षण घटनेच्या कलम 15(5) नुसार लागू नाही. दिल्लीतल्या सेंट स्टीफन्समध्ये निम्म्या जागा ख्रिश्चन विद्यार्थ्यांसाठी असतात. ती कॉलेजं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण अर्ज करताना हे माहीत हवं.

हैदराबादला आल्यावर जीव शांत झाला. मुंबई-पुण्याकडून हुसेनसागर एक्स्प्रेसने येत असाल तर लिंगमपल्लीलाच उतरा, गचीबावलीचं हैदराबाद विद्यापीठ तिथून जवळ पडतं. अनंत चतुर्दशीचा दिवस मात्र टाळा, विसर्जनासाठी हुसेनसागरकडचे रस्ते बंद असतात. कॅम्पस अफाट आहे, चपला नकोत, बूट घाला. हे 1974 सालचं केंद्रीय विद्यापीठ. बारावीनंतर पाच वर्षांचं एकात्मिक एमए, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. कॅन्टीनमध्ये लेक ओडिशाची एक, केरळची एक आणि बिदरची एक अशा तिघींच्या टेबलावर बसली आणि दोन तास उठलीच नाही. बिदरची मराठी बोलत होती! "पहिल्या सेमिस्टरला मला इंग्रजीतलं निम्मं कळायचं नाही, सीनियर रात्री बसून समजावून सांगायचे," ती म्हणाली. इथे लेक हसली, आणि मी ठरवलं की हे पहिल्या क्रमांकावर.

पण याच विद्यापीठात जानेवारी 2016 मध्ये रोहित वेमुला या दलित संशोधक विद्यार्थ्याने वसतिगृहातून काढलं गेल्यानंतर आत्महत्या केली. लेकीने त्या तिघींना त्याबद्दल थेट विचारलं आणि त्यांनी थेट सांगितलं, काय बदललं आणि काय नाही. हे बोलता येतं अशी जागा मला हवी होती. तुम्ही कुठेही जा, मुलांना हे विचारा: प्रवेश परीक्षेतली रँक किंवा आडनाव विचारून मग वागणूक बदलते का? मेसमध्ये मांसाहारींना वेगळ्या टेबलावर बसवतात का? खोलीतली जोडीदारीण कुठली? वर्गात कळलं नाही तर कोणाकडे जाता? हे प्रश्न आईबापांनी विचारू नयेत. लांब जाऊन बसा, पोरीला विचारू द्या. बाप टेबलावर असला की मुलं गोड गोड बोलतात.

दिल्लीत पोचेपर्यंत मी पार थकलो होतो, त्यामुळे इथलं मत थोडं कडक वाटेल. दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसला मेट्रोच्या पिवळ्या लाइनीवरच्या विश्वविद्यालय स्टेशनवर उतरायचं. मिरांडा हाउस, हिंदू, रामजस ही कॉलेजं तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. अख्खा देश इथे शिकायला आलेला आहे, यात शंका नाही. सरकारी कॉलेजांची फीसुद्धा परवडणारी. पण वसतिगृहाच्या जागा फार थोड्या, बाकीच्यांना कमलानगर, विजयनगरच्या पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून, राहावं लागतं. आम्हाला दोघींच्या खोलीचा सर्वांत कमी भाव महिना चौदा हजार मिळाला. वर दोन महिन्यांची अनामत, वीज वेगळी, आणि अकरा महिन्यांच्या आत सोडलं तर अनामत बुडाली. खोलीला खिडकी नव्हती! वर्षभराच्या फीपेक्षा एका महिन्याचा राहण्याखाण्याचा खर्च जास्त होऊ शकतो. माझं स्पष्ट मत: वसतिगृह मिळालं तर दिल्ली, नाही तर नको. पीजी बघायचाच असेल तर दलालाशिवाय, संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा मुली घरी असतात आणि खरं सांगतात. परतीला निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस घ्या, थेट मिरजेला सोडते.

सीयूईटीचा पेपर मराठीतूनही देता येतो, तेरा भाषांत ती एक आहे. शिकवणं मात्र इंग्रजीतून, दिल्लीत काही ठिकाणी हिंदीतूनही. लेकीने आतापासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान वाचायला घेतलंय.

शेवटचं, दाखल्याचं. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलंच नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं हवं. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांना केंद्रात तसा वेगळा प्रवर्ग नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत कोणत्या नावाने आणि कोणत्या शुद्धलेखनाने आहे ते आधी पाहा, अर्जात तेच लिहा. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये तिथे रांग दारापर्यंत येते, आणि प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत.